पाणथळ जागेचे मोल पक्ष्यांपुरते नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळा आला की आपल्या नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या बातम्या पक्ष्यांच्या संख्येभोवती फिरतात. त्यात गैर काही नाही. मात्र पक्षी नसतात तेव्हाही पाणथळ जागा काय काम करते, हे क्वचितच छापून येते. त्यासाठी आफ्रिकेतील पीटभूमीकडे पाहायला हवे.

आपल्या रोपवाटिकांतले कोकोपीट नारळाच्या सोडणाचे. खरे पीट निराळे. बारमाही पाण्याखाली राहिलेल्या जमिनीत प्राणवायू पोहोचत नाही, त्यामुळे पाने, मुळे, लाकूड अर्धवट कुजून थरावर थर साचतात; तेच पीट. असा ओला गोळा हातात घेतला तर मुळांचे धागे ओळखू येतात आणि पिळल्यावर कोऱ्या चहासारखे पाणी गळते. काँगो खोऱ्यातील दलदली जंगलांखाली असे पीट दहा हजारांहून अधिक वर्षे साचत आले आहे. त्याचे क्षेत्र २०२२ च्या सुधारित अंदाजानुसार सुमारे १,६७,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून मोठे, आणि त्यातील कार्बन सुमारे २९ अब्ज टन आहे. पाणी उतरले की थरात हवा शिरते, कुजण्याचा वेग वाढतो आणि हा कार्बन हवेत जाऊ लागतो. असे असूनही त्याच वर्षी काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने लिलावात काढलेल्या तेलक्षेत्रांत या भूमीचाही काही भाग होता!

धरणांच्या आपल्या जिल्ह्याला रवांडाचे उदाहरण अधिक पटेल. तेथील रुगेझी या पीटयुक्त दलदलीतून बुरेरा सरोवराला पाणी मिळते आणि त्या सरोवरावर न्तारुका जलविद्युत केंद्र चालते. शेतीसाठी चर खणून दलदलीतील पाणी काढले गेले. त्याला इतर कारणांचीही जोड मिळून २००४ च्या सुमारास सरोवराची पातळी इतकी घसरली, की वीजनिर्मिती कोसळून देशाला महागड्या डिझेल जनित्रांचा आधार घ्यावा लागला. पुढे सरकारने दलदलीतील शेतीवर निर्बंध आणले आणि पाणी पुन्हा धरू दिले. ज्यांना पाणथळ जागा ‘पडीक’ वाटते, त्यांनी हा हिशेब जरूर पाहावा.

नांदूरमध्यमेश्वर ही पीटभूमी नव्हे. बंधाऱ्यामागे गोदावरी-कादवेने आणलेल्या गाळावर ती उभी आहे, त्यामुळे काँगोचे आकडे येथे लावणे चुकीचे ठरेल. पाण्याची पातळी आणि ती किती काळ टिकते, यावर दोन्हींचे जीवन अवलंबून आहे, एवढे साम्य मात्र निश्चित आहे. म्हणून विनंती, की यंदा पक्षीगणनेच्या आकड्यांशेजारी जलाशयाची महिनावार पातळीही आपण छापावी.

आपला,
एक वाचक, नाशिक