फरकाला नऊनं भागून पाहा

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा बाबांनी विचारलं, "हिशेबात पीएचडी कसली? जमा-नावे तर पाचशे वर्षांपूर्वीच ठरलंय." मी चिडून फोन ठेवला. उत्तर सुचलं नव्हतं, म्हणून जास्त चिडले.

बाबा, इटलीतल्या लुका पाचोलीनं जमा-नावेची दुहेरी नोंद १४९४ साली पुस्तकात छापली, हे खरं. पण नोंद कशी करायची हा आमचा प्रश्नच नाही. ती वाचून माणसं काय करतात, हा आहे. १९६८ साली बॉल आणि ब्राउन या संशोधकांनी २६१ कंपन्यांचा नफा आणि शेअरचे भाव शेजारी ठेवून पाहिले. वार्षिक नफा जाहीर होईपर्यंत त्यातली बरीचशी बातमी भावात आधीच उतरलेली असते, असं निघालं. आमचं अख्खं क्षेत्र त्यावर उभं आहे.

आई, माझा विषय साधा आहे. माल विकला, पैसे यायचेत: वहीत नफा, गल्ल्यात काही नाही. असला नफा पुढच्या वर्षी कमी टिकतो, हे स्लोन नावाच्या संशोधकानं १९९६ साली दाखवलं. ऑडिटर बदलला की त्याचं प्रमाण बदलतं का, ते मी बघतेय.

बदलतं, असं मला मागच्या महिन्यापर्यंत वाटत होतं. मग एका कंपनीची विक्री एकदम सव्वापट दिसली. बाकी सगळं जैसे थे. दोन रात्री त्यात गेल्या. बाबा, तिचं ते 'वर्ष' पंधरा महिन्यांचं होतं! वर्षअखेर बदलली होती. अशा आणखी त्रेचाळीस निघाल्या, त्याही नेमक्या ऑडिटर बदललेल्यांतल्याच. त्या बाजूला काढल्या आणि माझा निष्कर्षही त्यांच्याबरोबर गेला. सर एवढंच म्हणाले, "तुलाच सापडलं, बरं झालं."

म्हणजे अजून एक वर्ष. खरं तर हे सांगायलाच पत्र लिहायला घेतलं, आणि सुरुवात केली १४९४ पासून.

ताळा जुळला नाही की तुम्ही फरकाला नऊनं भागायचात. भाग गेला की म्हणायचात, "कुठंतरी अंक उलटलेत, ६३ चे ३६ झालेत." माझ्या चुकीला हा उपाय नव्हता.

विद्यावेतन संपतंय, पण शिकवण्यातून भागेल. पैसे पाठवू नका. पहिल्या वर्षाच्या वर्गात काल एका मुलाचा ताळा ५४ नं चुकत होता. रडकुंडीला आला होता. म्हटलं, नऊनं भागून बघ.

तुमची,
लेक