विद्यापीठ सुधारणा: कोणाचे काय जाणार, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न.

विद्यापीठांच्या पुनर्रचनेवरची आपल्या अंकातील चर्चा वाचली. पुनर्रचना रखडण्याचा सगळा दोष तिथे प्राध्यापकांच्या मानसिकतेवर टाकला आहे. मला हे पटत नाही.

विभागांचे विलीनीकरण विषयपत्रिकेवर आले की भाषणे ज्ञानशाखांवर होतात. खरा वाद असतो तो प्रयोगशाळेची खोली कोणाकडे जाणार, रिक्त जागा कोण भरणार आणि खर्चाच्या कागदावर सही कोणाची, यावर. त्यात गैर काहीच नाही; ज्याचे संशोधन त्या खोलीत चालते तो ती सोडायला सहजी तयार होणार नाही. गैर हे आहे की यातले अवाक्षरही इतिवृत्तात येत नाही. प्रस्ताव ऐनवेळचा विषय म्हणून आणायचा, सभासद उठायच्या बेतात असताना संमत करून घ्यायचा आणि पुढे अंमलबजावणी अडली की लोकांच्या नावाने बोटे मोडायची, हे थांबले पाहिजे.

चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले, तेव्हा तिथल्या वैद्यक शाखेचे प्राध्यापक विद्यार्थ्यांची फी आपसात वाटून घेत. नऊपैकी पाच विषयांत पास झालेलाही डॉक्टर होई! परीक्षा कडक केली तर विद्यार्थी घटणार, म्हणजे प्राध्यापकांचीच मिळकत घटणार. एलियट त्या शाखेच्या बैठकांना स्वतः जाऊन बसले, ज्येष्ठांचा विरोध समोरासमोर ऐकून घेतला. १८७१ पासून फी विद्यापीठाकडे आली, प्राध्यापकांना पगार ठरला आणि सर्व विषयांत उत्तीर्ण होणे सक्तीचे झाले. प्रवेश घटले, तरी माघार घेतली नाही. परीक्षेइतकाच पैशाचा प्रश्नही त्यांनी हाताळला, हे मला महत्त्वाचे वाटते.

ऑक्सफर्डमध्ये २००६ साली उलटे घडले. विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या परिषदेत विद्यापीठाबाहेरच्या सदस्यांचे बहुमत असावे, हा कुलगुरू जॉन हूड यांच्या काळातला प्रस्ताव टपाली मतदानात ९९७ विरुद्ध १५४० मतांनी पडला. स्वशासन हातचे जाईल ही तिथल्या अध्यापकांची भीती मला तरी अनाठायी वाटत नाही. अधिकार सोडा म्हणताना त्या बदल्यात त्यांना पटेल असे काही पुढे ठेवायला हवे होते.

म्हणून प्रत्येक प्रस्तावासोबत एक पान जोडणे बंधनकारक करावे: कोणाची खोली, पद, अधिकार जाणार आणि भरपाई काय. ते सभेच्या पुरेसे आधी प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी प्रतिनिधींच्या हाती पडावे. यापुढे एखाद्या कुलगुरूंची मुलाखत घ्याल तेव्हा आपल्या वार्ताहरांनी ते पान जरूर मागावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक