ध्रुव कणांना खेचत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानले इथून तांबडी ध्रुवज्योती (एरवी ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणारा प्रकाश) टिपली गेली. तेव्हापासून ‘पृथ्वीचे ध्रुव सूर्याकडून आलेले कण खेचून घेतात’ हे वाक्य पुरवण्यांत आणि विज्ञान प्रदर्शनांतल्या तक्त्यांवर सर्रास दिसते. आपल्या पुरवणीतही ते आले. ते नेमके उलटे आहे.

चुंबक खिळा खेचतो म्हणून कणही खेचत असणार, असा हा समज. पण चुंबकीय बल कणाच्या वेगाला कायम काटकोनात लागते. ते कणाला वळवते, त्याची गती वाढवतही नाही, घटवतही नाही. म्हणून कण बलरेषेभोवती गिरक्या घेत सरकतो. ध्रुवाकडे रेषा दाटत जातात, म्हणजेच आत झुकतात. त्या झुकलेल्या क्षेत्रात गिरकी घेणाऱ्या कणाला मागे, कमजोर क्षेत्राकडे, रेटा बसतो. कणाचा विद्युतभार धन असो वा ऋण, रेटा त्याच दिशेला. गिरकी वेगावते, पुढची चाल मंदावते, थांबते आणि कण माघारी फिरतो. हाच चुंबकीय आरसा.

आकडे घेऊ. पृथ्वीच्या केंद्रापासून चार त्रिज्यांवर, म्हणजे सुमारे २५,५०० किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या प्रतलात क्षेत्र जेमतेम ०.४८ मायक्रोटेस्ला असते. तीच रेषा ६० अंश चुंबकीय अक्षांशाला जमिनीत शिरते, तिथे ते ५६ च्या घरात, म्हणजे जवळपास ११५ पट. या गुणोत्तरामुळे विषुववृत्तापाशी ज्यांच्या वेगाची दिशा रेषेशी सुमारे साडेपाच अंशांहून कमी कोन करते, असे कणच वातावरणात उतरतात. बाकीचे परततात. दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन तिथे उत्तर-दक्षिण फेरी साधारण अर्ध्या सेकंदात मारतो आणि हळूहळू पूर्वेकडे सरकत पंधरा-वीस मिनिटांत पृथ्वीला वळसा घालतो. सोलापूरकरांना हे मागावरून चटकन कळेल: धोटा आडवा ये-जा करतो, कापड मात्र त्याला काटकोनात पुढे सरकते.

मग ध्रुवज्योती कशी दिसते? काही हजार किलोमीटर उंचीवरचे विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनांना रेषेच्या दिशेने ढकलते, तर काहींचा रेषेशी असलेला कोन विद्युतचुंबकीय लहरी बिघडवतात. तेवढेच खाली पोहोचतात.

प्रदर्शनात कणाचा हा मार्ग एक्सेलवर पायरी-पायरीने काढून दाखवता येतो, पण दोन चुका ठरलेल्या. पहिली: दर पायरीला ‘जुना वेग अधिक त्वरण गुणिले वेळ’ अशी साधी बेरीज. एका गिरकीचे वीस भाग केले तर पायरीगणिक गती सुमारे पावणेपाच टक्के वाढते आणि एकाच गिरकीत अडीचपट होते. चुंबकीय बलाने असे होणे शक्यच नाही. वेगाची लांबी तीच ठेवून फक्त दिशा वळवायची. कणांचे मार्ग संगणकावर काढण्याची बोरिस पद्धत हेच करते.

दुसरी चूक जास्त फसवी. मुले अक्षावरचे क्षेत्र पुढे वाढत जाणारे भरतात आणि आडवा घटक विसरतात. अक्षाजवळ तो असा काढावा: अक्षापासूनचे अंतर गुणिले अक्षावरील क्षेत्र वाढण्याचा दर, भागिले दोन, चिन्ह उणे. हा रकाना रिकामा राहिला की मागचा रेटाच नाहीसा होतो आणि कण सरळ ध्रुवावर जाऊन आदळतो, अगदी त्या तक्त्यांत दाखवतात तसा.

– भौतिकशास्त्राचे दोन शिक्षक, सोलापूर