लेकीच्या नोकरीबद्दल, जरा सविस्तर

प्रिय संज्या,

फोनवर तू विचारलंस की लेकीचं सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स, झालं, आता नोकरीसाठी कुठली एअरलाइन सेफ, आणि मी ड्युटीवर होतो म्हणून नंतर सांगतो म्हटलं. हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाहीच, म्हणून लिहितोय. वहिनींनाही वाचायला दे.

तू म्हणालास, ज्यांनी जास्त विमानं ऑर्डर केलीत ती कंपनी बरी, ती वाढतेय. मला हे पटत नाही रे. विमानं येतायत ते चांगलंच, पण कुणाच्या पैशाने येतायत ते आधी बघ. आपल्याकडे बरीचशी विमानं लीझवर, त्यांचं भाडं डॉलरमध्ये, आणि तिकिटं विकायची रुपयात. रुपया घसरला की एकही विमान न वाढवता खर्च वाढतो, आणि विमान उडो न उडो भाडं द्यावंच लागतं. वर बँकेचे हप्ते वेगळे. धंदा चालू असतो तोवर ह्याच कर्जावर कंपनी झपाट्याने वाढते, पायलट भराभर घेतले जातात, आणि एक वर्ष वाईट गेलं की सगळं अंगावर येतं.

२००७ साल आठवतंय का? त्या एकाच वर्षी जेटने एअर सहारा १,४५० कोटींना घेतली, किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेतला आणि सरकारने एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. तेव्हा सगळीकडे हेच बोललं जायचं की मोठं व्हा म्हणजे टिकाल. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली. जेट, आपल्या मुंबईची, १७ एप्रिल २०१९ ला थांबली, बँकांचं ८ हजार कोटींच्या वर देणं होतं आणि पायलट लोकांचे पगार त्याच्या आधीच काही महिने थकलेले. मग एनसीएलटी, म्हणजे दिवाळखोरीची प्रकरणं चालतात ते कंपन्यांचं न्यायाधिकरण, नवीन मालक येणार येणार म्हणून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढायला सांगितलं. मला फार वाईट वाटतं त्याचं, किती जणांची उमेदीची वर्षं होती त्यात.

तिसरी वाचली, पण कशी ते बघ. टाटांनी १८ हजार कोटींना एअर इंडिया घेतली, त्यातलं १५,३०० कोटी म्हणजे कर्जच डोक्यावर घेतलं, आणि उरलेलं ४६ हजार कोटींच्या वरचं कर्ज सरकारने दुसऱ्या कंपनीत काढून ठेवलं. म्हणजे तिथल्या पायलटांच्या नोकऱ्या टिकल्या त्या तुझ्या-माझ्या टॅक्सवर.

आणि मर्जर झालं की पायलटची डोकेदुखी संपत नाही. त्यांच्या धंद्यात सिनियॉरिटी म्हणजे सगळं, कमांड म्हणजे कॅप्टनची जागा कधी मिळणार, मोठं विमान कधी मिळणार, सगळं त्या यादीवर. २००७ ला कागदावर एक झालेल्या एअर इंडियात २०१२ ला ड्रीमलायनर ह्या नव्या बोइंग विमानाचं ट्रेनिंग कुणाला ह्यावरून ५८ दिवस संप झाला, पाच वर्षांनी सुद्धा दोन्हीकडची माणसं एक झाली नव्हती. टाटांचीच दुसरी एअरलाइन विस्तारा नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात गेली, त्याच्या आधी एप्रिलमध्ये नव्या कराराने गॅरंटीचे तास, म्हणजे महिन्याला कमी उडवलं तरी ज्यांचा पगार नक्की मिळतो ते, ७० वरून ४० वर आणले तेव्हा पायलट नाराज झाले आणि कितीतरी फ्लाइट रद्द झाल्या.

गो फर्स्ट ह्या एअरलाइनचं थोडं वेगळं. इंजिनांमुळे निम्म्याच्या आसपास विमानं जमिनीवर, कमाई अर्धी पण देणी पूर्ण, मे २०२३ मध्ये बंद. पण त्यांचे पायलट एअरबसच्या ए-३२० विमानाचे होते आणि बाजारात तेव्हा त्यांनाच मागणी, म्हणून बऱ्याच जणांना लगेच जागा मिळाल्या. सिनियॉरिटी मात्र शून्यावरून. म्हणून लेकीला टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक विमान उडवायचं ट्रेनिंग आणि परवानगी, कुठल्या विमानाचं मिळतंय ते नीट विचारायला सांग, कंपनी बुडाली तर तेच सोबत येणार.

आता मी ग्राउंडवर राहून जे बघितलंय ते सांगतो. पैसा संपत आला की ते पेपरात नंतर येतं. आधी छोट्या व्हेंडरची बिलं अडकतात, मग तेल कंपन्या उधारी बंद करून रोख मागतात, मग पीएफ वेळेवर भरला जात नाही, आणि मग पगार दोन तुकड्यांत, तोही आधी सिनियर पायलटांचा कापून. म्हणून तिने जॉइन झाल्यावर पीएफचं पासबुक दर महिन्याला बघायचंच. आणि नोटीस पिरियड लक्षात ठेव, डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाने, २०१७ मध्ये कॅप्टनला एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिने केला, म्हणजे पगार थकला तरी चटकन निघता येत नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो.

तू बँकेत होतास, तुला ताळेबंद मी शिकवायला नको. ज्या दोन कंपन्यांचं ती बोलतेय त्यांचे वार्षिक अहवाल काढ, लीझची देणी किती, हातात रोख किती महिन्यांची, आणि ऑडिटरने कंपनी पुढे चालू राहण्याबद्दल शंका लिहिलीय का. तशी शंका असेल तर टाइप रेटिंगसाठी घर गहाण ठेवू नकोस, मग विमानं कितीही येणार असोत. ऑफर लेटरचे फोटो पाठव, बाँडचं, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी सोडायची नाही ह्या अटीचं, पान विसरू नकोस, रविवारी मला सुट्टी आहे, तिला फोनवर बसव, तिघं मिळून बघू.

तुझा,
दिल्या