ते दगड तू दिलेस म्हणून

निशिकासाई, टोकियो

प्रिय बालाजी,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या घाल, पण आधी हे वाच. आमचं सगळं ठीक. बीपीची गोळी चालू आहे, पोरगी शाळेत रमली आहे.

रविवारी संजूचा व्हिडिओ कॉल आला. अंगणात ट्रॅक्टरची ट्रॉली रिकामी होत होती. घरामागे आईसाठी दोन खोल्या काढतोय आणि दगड जुन्या गावातून आणलेत, असं म्हणाला. कुणाच्या जागेतले, असं विचारलं तर म्हणतो, "बालाजीदादाच्या. विचारूनच आणलेत." त्या ढिगात एक दगड देवळीचा होता. तुमच्या ओसरीतली ती देवळी, सुमन जिच्यात चिंचोके लपवायची. इतके पावसाळे अंगावर घेऊनही त्याची काजळी गेलेली नाही, बालाजी. बायकोला काय सांगणार? तिला तो नुसता काळा पडलेला दगड दिसला.

तू दगड दिलेस याचा राग नाही. तुझे आहेत, आणि पडून राहण्यापेक्षा काकूच्या डोक्यावर छप्पर होऊ दे असं तुला वाटलं असणार. माझा जीव अडकलाय तो वेगळ्याच गोष्टीत. संजूचा गवंडी ते दगड मातीत रचणार आहे. सिमेंट परवडत नाही आणि "दोन फुटी भिंतीला काय हुतंय" असं तो म्हणतो. दोन फुटी भिंतीला काय होतं ते आपण दोघांनी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिलं आहे. आतून एक थर, बाहेरून एक थर, मधे चिपा आणि माती. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांना सोडतात आणि त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या माती चढवत आणलेलं माळवद सरळ खाली येतं. किल्लारीचा भूकंप 6.2 चा होता. एवढ्याने सरकारी हिशेबातच आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

1 जानेवारी 2024 ला इथे जपानात, नोतो द्वीपकल्पात 7.6 चा भूकंप झाला. किल्लारीपेक्षा शंभरपट जास्त ऊर्जा. भूकंपाने थेट गेलेली माणसं अडीचशेच्या आत. पण त्यांतली बहुतेक घराखाली गेली, हे मला सुटत नाही. जुनी लाकडी घरं, वर जड कौलं, आत म्हातारी माणसं. घर मजबूत करून घ्या म्हटलं की तिथले म्हातारे म्हणायचे, आता आम्ही किती दिवसांचे, कशाला खर्च? आईही हेच म्हणाली रविवारी. अगदी हेच. नव्या गावातल्या घरात तिला उकडतं, जुन्यासारखी दगडाची गार खोली हवी. तिचंही खोटं नाही. त्या सरकारी खोल्यांमध्ये मे महिन्यात बसून दाखवावं कुणी.

परवा रात्री इथे तीनचा धक्का बसला. हे तीन म्हणजे तीव्रता. तुमच्या पायाखाली किती हललं, याचं जपानी माप. पोरगी झोपेतच कुशीवर वळली. कपाट छताला दांडे लावून ताठ केलेलं, पलंगाशी चपला ठेवलेल्या, जोराचा धक्का असेल तर गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. मी मात्र पुढे तासभर जागा होतो आणि डोक्यात संजूची ट्रॉली.

जागरणात वाचन होतं. 1923 च्या सप्टेंबरात भूकंपानंतर टोकियो जळालं तेव्हा शिबुसावा एइइची नावाचा मोठा उद्योगपती म्हणाला, माणसं चैनीला लागली म्हणून ही दैवी शिक्षा. आता दहा हजार येनच्या नोटेवर त्याचंच चित्र आहे. वाचलं आणि आपलं होस्टेलमधलं भांडण आठवलं. 1934 च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं. टागोरांनी विरोध केला आणि गांधीजींनी तो 'हरिजन'मध्ये छापला. तू गांधीजींच्या बाजूने, मी टागोरांच्या. मेसची भाजी संपली तरी तू उठेनास! तुझं एक वाक्य मला तेव्हा झोंबलं होतं: निदान गांधी कुणाला तरी जबाबदार धरतात. आज म्हणेन, जबाबदार धरायचंच तर भिंत बांधणाऱ्याला आणि त्याला न शिकवणाऱ्यांना धरू. 1993 पर्यंत आपला मुलूख भूकंपाच्या नकाशात सगळ्यात सुरक्षित, झोन एकमध्ये होता. आपल्या आजोबांना कुणी काय सांगणार होतं? संजूला मात्र सांगता येतं. 2024 मध्ये हिंगोलीला दोनदा 4.5 चा धक्का बसला, हेही त्याला सांग.

माझं तो ऐकत नाही. "तू तिकडं बसून बोलू नको" म्हणतो. तुझं ऐकेल, कारण दगड तुझे. म्हणून एवढं कर. गवंड्याजवळ उभा राहा. भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. माती नको, सिमेंटचा माल. दर दोन फूट उंचीला आणि आडवे दर चार फुटांवर, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवून घे. तेवढे लांब मिळाले नाहीत तर काँक्रीटचे ओतून घ्या. दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना सलग फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा. वर पत्रा, माळवद अजिबात नको. गारव्यासाठी पत्र्याखाली फळ्या मारता येतील. पैसे मी पाठवतो, संजूला सांगू नकोस, तुझ्या खात्यावर टाकतो.

आणि तो देवळीचा दगड भिंतीत घालायचा की बाजूला काढायचा, ते तू ठरव. मला त्यातलं काही ठरवता येत नाही.

सोयाबीनला या वर्षी काय भाव लागला? गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. मोठीचं बारावीचं वर्ष ना? वहिनींना नमस्कार.

पाया खोदायला गुरुवारी सुरुवात आहे म्हणतो संजू. त्याआधी जा. गेलास की गवंड्याचा नंबर पाठव, मी त्याच्याशीही बोलतो.

तुझा,
विनू