एप्रिलच्या बर्फावर जेवणानंतर जाऊ नका

संपादक महोदय,

उन्हाळी सुटीच्या सहलींच्या जाहिराती शहरात झळकू लागल्या आहेत. काश्मीरच्या कार्यक्रमात हल्ली ‘गुलमर्गला स्नोबोर्डिंग’, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फाच्या उतारावरून घसरणे, असते आणि ते बहुधा दुपारच्या जेवणानंतर ठेवलेले असते. एप्रिलचा बर्फ मऊ, पडलो तरी लागत नाही, हा समज त्यामागे आहे. तो अर्धाच खरा आहे.

वसंतातला बर्फ दिवसा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. असे बरेच दिवस झाले की त्याचे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे टपोरे दाणे होतात. पहाटे हे दाणे एकमेकांना चिकटून काचेसारखे कडक असतात. तेव्हा धारदार एज (कडेची धातूची पट्टी) नसलेला बोर्ड नुसता घसरतो. ऊन चढले की वरचा बोटभर थर सुटतो आणि तासा-दोन तासांपुरता उतार झकास होतो. पूर्वेचा उतार आधी, मग दक्षिणेचा, शेवटी पश्चिमेचा. त्यानंतर उरतो तो गोळेवाल्याच्या गाडीखालचा ओला चुरा! त्यात पाण्याचा पापुद्रा बोर्डाला खालून ओढून धरतो, त्याचे पुढचे टोक रुतते आणि माणूस पुढे हातांवर आपटतो. नवशिक्यांची मनगटे अशीच दुखावतात, म्हणून मनगटाचे गार्ड मागून घ्यावेत.

भाड्याचा बोर्ड उलटा करून बघावा. तळ पांढरट, कोरडा दिसला तर शून्य अंशाच्या वरच्या तापमानासाठीचे वॅक्स (तळाला लावायचे मेण) लावून मागावे, आणि ते नीट खरवडून ब्रश मारलेले असावे. जाड थर राहिला तर तळाच्या बारीक रेघा बुजतात, पाणी निघून जात नाही आणि बोर्ड उलट जास्त अडतो. जीनची पँट मात्र हॉटेलातच राहू द्यावी. ती भिजते आणि वाळत नाही.

रात्र ढगाळ गेली असेल तर बर्फ नीट गोठतच नाही. सकाळीच बूट घोट्यापर्यंत रुतत असेल, तर उभ्या उताराखाली थांबूसुद्धा नये. ओले हिमस्खलन अशाच वेळी होते. हरिहर किल्ल्यावर ऊन तापायच्या आत निघणाऱ्या नाशिककरांना वेळेचे गणित वेगळे शिकवायला नको.

जाहिरातीत न येणारी गोष्ट निराळीच आहे. नवशिक्यांचे सोपे उतार गुलमर्गच्या मैदानालगत, सुमारे २,६५० मीटरवर आहेत, आणि एप्रिलमध्ये तिथला बर्फ पुष्कळदा संपलेला असतो. तो उरतो गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावर, अफरवाट शिखराच्या बाजूला, ३,९०० मीटरच्या वर. ते उतार पहिल्यांदा बोर्ड बांधणाऱ्याचे नव्हेत, आणि वारा सुटला तर तो टप्पा बंदही राहतो.

तेव्हा सहल कंपन्यांनी स्नोबोर्डिंगची वेळ आणि गोंडोलाचा टप्पा, दोन्ही कार्यक्रमपत्रिकेत छापावेत. खाली बर्फ नसेल तर पैसे परत मिळणार की नाही, हेही त्याच पानावर असावे.

– एक वाचक, नाशिक