आमचे शनिवार-रविवार

बर्मिंगहॅम, ऑक्टोबर अखेर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही काकांचा प्रश्न पोचवलात: "इतकी वर्षं तिकडे राहून पॅरिस नाही पाहिलं, स्वित्झर्लंड नाही पाहिलं, मग सुट्टीच्या दिवशी हा करतो काय?" तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. काकांनाही वाचून दाखवा.

सप्टेंबर सगळा ब्लॅकबेरीत गेला. या शहरातून जुने कालवे जातात. रेल्वे येण्याआधी कोळसा आणि लोखंड वाहायला खणलेले. बोटी ओढणारे घोडे ज्या काठाने चालायचे, ती वाट अजून शाबूत आहे. आता तिच्यावर सायकलवाले आणि कुत्री फिरवणारे असतात. कडेच्या काटेरी जाळ्यांना फळं नुसती लगडलेली असतात. डबा घेऊन जायचं, हाताला ओरखडे काढून घ्यायचे आणि (कुत्र्यांचा विचार करून) कमरेच्या वरचीच फळं तोडायची. आई, तुझी सून यात पटाईत झाली आहे. माझा डबा कधी भरत नाही, कारण निम्मी वाटेतच संपतात.

29 सप्टेंबरला सेंट मायकेल या देवदूताचा दिवस असतो. त्यानंतर ब्लॅकबेरी तोडू नये, असं इथली जुनी माणसं सांगतात. मायकेलने स्वर्गातून हाकललेला सैतान म्हणे नेमका या काट्यांत पडला आणि रागाने फळांवर थुंकला. सैतानाचं सोडा, पण ऑक्टोबरच्या ओलाव्याने फळं खरंच पाणचट होतात, बुरशी धरते. नियम बरोबर आहे, फक्त त्यामागचं कारण रंगवून सांगितलंय.

सध्या पानं बघायला बाहेर पडतो. बाबा, तुम्ही विचारणारच, म्हणून सांगतो: पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. दिवस लहान झाले की हिरवं द्रव्य मोडत जातं आणि तो दिसू लागतो. लाल रंग मात्र बहुतेक झाडं याच दिवसांत नव्याने तयार करतात. झडायला आलेल्या पानावर झाडाने एवढा खर्च का करावा, यावर मी आणि शेजारचे आजोबा बराच वेळ वाद घालतो.

आणि इथे उजेडाचंच रेशनिंग आहे. जूनमध्ये रात्री साडेनऊला सूर्य मावळतो, डिसेंबरात दुपारी चारच्या आतच. मग हातातला शनिवार विमानतळाच्या रांगेत घालवावासा वाटत नाही. दोनअडीच तासांवर जायचं, एक रात्र राहायचं आणि परत. पॅरिस कुठे पळून जात नाही.

परवा 'हे-ऑन-वाय'ला जाऊन आलो. हेरफर्डपर्यंत रेल्वे, पुढे बस. वेल्सच्या सीमेवरचं, वाय नदीकाठचं दोन हजारांहून कमी वस्तीचं गाव, आणि जिकडे बघावं तिकडे जुन्या पुस्तकांची दुकानं. तिथली रेल्वे 1962च्या अखेरीला बंद पडली. साधारण त्याच सुमारास रिचर्ड बूथ नावाच्या माणसाने गावातल्या अग्निशमन दलाच्या जुन्या जागेत पहिलं दुकान थाटलं. नंतर त्याने गावातला पडका किल्लाही विकत घेतला आणि 1 एप्रिल 1977ला हे गाव स्वतंत्र राज्य असून आपण त्याचे राजे आहोत, असं जाहीर करून टाकलं. तारीख बघा! वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं आणि गावाचं नशीब उघडलं. आपल्या पाचगणीजवळचं भिलार 2017मध्ये पुस्तकांचं गाव झालं, ते याच गावावरून सुचलेलं. किल्ल्याच्या आवारात उघड्यावर फळ्या लावल्यात, विक्रेता कुणी नाही. पुस्तक घ्यायचं, पैसे पेटीत टाकायचे. अर्ध्याहून जास्त माल रद्दीच्या लायकीचा आहे, हेही सांगितलं पाहिजे. पण त्यात उकरण्यातच सकाळ मजेत जाते.

रविवारी गावामागच्या 'हे ब्लफ'वर चढलो. उंची 677 मीटर, कळसूबाईपुढे टेकाडच. खरी गंमत वाटेत आहे. पायवाट सरळ शेतकऱ्याच्या खाजगी कुरणातून जाते आणि तिथून चालण्याचा हक्क कायद्याने कुणालाही आहे. अट एकच, फाटक मागे लावून घ्यायचं. मेंढ्या मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात.

आता वाचन. महिन्याला एक पुस्तक, जास्त नाही. बाबा, तुम्ही आठवड्याला दोन संपवता, तुम्हाला हसू येईल. पण नोकरी सांभाळून एवढंच नीट होतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी वाचनालयात जाऊन ते निवडायचं, हाच एक कार्यक्रम असतो. उन्हाळ्यात बारकी पुस्तकं, थंडीत जाडजूड. आवडलं नाही तर अर्ध्यात परत. पैसे पडत नाहीत. ही मोफत वाचनालयं 1850च्या कायद्यामुळे सुरू झाली. त्या कायद्याने पालिकेला वाचनालयासाठी कर बसवायची मुभा दिली, पण त्या पैशातून पुस्तकं घ्यायची परवानगी नव्हती! इमारत बांधा, पुस्तकं कुणीतरी दान देईल. पाच वर्षांनी सुधारणा झाली, तेव्हा कुठे पुस्तकखरेदीची सोय झाली. सरकारी कारभार सगळीकडे सारखाच.

नोव्हेंबरचं पुस्तक अजून ठरलेलं नाही. या वेळी ते तुम्ही सुचवा. मराठीच हवं, जाड चालेल. मावसभाऊ डिसेंबरात येतोय, तोवर थांबायला नको. छापील मिळालं नाही तर ई-बुक घेईन.

आणि एक कामाचं. या रविवारी पहाटे इथली घड्याळं तासभर मागे जातील. तुमच्या-आमच्या वेळेत साडेचार तासांचं अंतर आहे, ते साडेपाच होईल. म्हणजे माझा नऊचा फोन तुम्हाला दीडऐवजी अडीचला येईल, ऐन वामकुक्षीत. म्हणून मार्चअखेरपर्यंत रविवारी मी आठलाच फोन करीन. आई, बाबांना पुस्तकाचं नाव तयार ठेवायला सांग. नाहीतर अर्धा फोन त्यातच जायचा.

तुमचा,
धाकटा